उणीदुणी काढायची राहिली

आमच्या दादांना पहिल्यांदा कोणी झापलं असेल, तर ते माझ्या आईनं. दादा म्हणजे आमच्या गायरानाच्या चळवळीचे पुढारी. नात्यानं ते वस्तीतल्या कोणाचेच कोणी नव्हते. नगरच्या एका कामगार वस्तीत वाढलेले, कॉलेज अर्धवट सोडलेले. खर्ड्याच्या अलीकडे आमची बौद्ध वस्ती आहे, तिथं ते एका उन्हाळ्यात आले आणि राहिलेच. तेव्हा ते पंचविशीतले असतील. दाढी वाढलेली, पायात टायरच्या चपला, आणि बोलायला लागले की थांबायचं नाव नाही.

त्यांची वस्तीवरची पहिली सभा मला चांगली आठवते. मी डी.एड.ला होते आणि सुट्टीत घरी आले होते. दादा भूमिहीनांबद्दल बोलले, कायद्याबद्दल बोलले, मग जगातल्या कुठल्या कुठल्या देशांतल्या मजुरांबद्दल बोलले. बायका आधी माना डोलवत होत्या, नंतर चुळबुळ करायला लागल्या. सभा संपली, माणसं उठायला लागली, तशी आई पदर खोचून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"लई चांगलं बोलतूस बाबा, पन दिवस मावाळला. बायकांचा सैपाक कोन तुजा बाप करनार हाय का? आन त्या परदेशातल्या मानसांचं आमी काय करावं? आमच्या गायरानाचं तू दोन शब्द बोललास."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दादा मात्र मोठ्यानं हसले आणि विहाराच्या ओट्यावर परत बसले. म्हणाले, "मावशी, बस. अजून काय चुकलं ते सांग."

आई बसली. आणि तिनं सांगितलं.

तिथून तो पायंडाच पडला. सभा असो, मोर्चा असो, कचेरीवरचं धरणं असो, सगळं पार पडलं की परत वस्तीवर येऊन ओट्यावर गोल बसायचं आणि कोणाचं काय चुकलं ते तोंडावर सांगायचं. याला आम्ही 'उणीदुणी' म्हणायचो. आज उणीदुणी आहे का, असं विचारायचो. तिथं कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही. सुरुवात दादांपासून करायची, हा नियम त्यांनीच घातला होता. बायका तर टपूनच बसलेल्या असायच्या. फौजदारासमोर तुझा आवाज का बसला, पाटलाच्या पोराशी हसून का बोललास, निवेदन द्यायला गेला तेव्हा आमच्यातल्या एकीला तरी आत का नेलं नाहीस. दादा कधी भांडायचे, कधी कान धरायचे. बाहेर शेर असलेला हा माणूस आमच्या ओट्यावर अगदी मवाळ होऊन बसायचा. पुढं मी शिक्षक झाले, किती प्रशिक्षणं केली, किती चर्चासत्रांत पेंगले. इतकं मोकळं बोलणं मला पुन्हा कुठंही ऐकायला मिळालं नाही.

गायरान म्हणजे गावाची गुरं चरायची सरकारी जमीन. आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला माळ होता आणि तो उतरत उतरत खाली ओढ्यापर्यंत जायचा. गुरं तिथं कधीचीच चरत नव्हती, सगळी बाभळी-बोरी माजलेली. आमच्यातल्या कोणाच्याही नावावर वीतभर जमीन नव्हती. दिवाळी झाली की मुकादम यायचा आणि सगळी वस्ती ऊसतोडीला श्रीरामपूर, बेलापूरच्या बागायतीत निघून जायची. चूल, पोरं, कोंबड्या सगळ्यांसकट. पाडव्याच्या आगेमागे परत. माझी शाळा बुडू नये म्हणून आईनं मला मामाकडं ठेवलं, म्हणून मी शिकले. माझ्या बरोबरीच्या मुली शिकल्या नाहीत. त्या माझ्याहून हुशार होत्या, हे मी नम्रतेनं म्हणत नाही, मला ते माहीत आहे.

दादांनी आम्हाला ते गायरान कसायला लावलं. सोपं गेलं नाही. गावातल्या काही बड्या घरांनी उभ्या ज्वारीत गुरं सोडली. बायका ट्रॅक्टरपुढं आडव्या पडल्या. केसेस झाल्या, दादा नगरच्या जेलमध्ये जाऊन आले, एकदा तर आई आणि दादा एकाच पोलीस गाडीतून जामखेडला गेले आणि आई वाटभर त्यांना बोलत होती की तू घोषणा चुकीच्या वेळी दिलीस. पण ओढ्याकडच्या काळ्या जमिनीत हस्ताच्या पावसावर ज्वारी पेरली ती अशी आली की माणूस आत शिरला तर दिसू नये. पहिल्या वर्षी ती खळ्यावर आली आणि पुढच्या दिवाळीनंतर मुकादम वस्तीवर येऊन रिकामा परत गेला. आईनं कोयता छपराच्या वाशात खोचून टाकला. म्हणाली, "आता ह्यो मी मेल्यावरच काढा."

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मला नगरजवळ केडगावला शाळा मिळाली होती. रविवारी घरी गेले की आई मला गायरानातली भाकरी वाढायची आणि मी खाताना तोंडाकडं बघत बसायची. आपल्या शेतातली, असं तोंडानं म्हणायची नाही. मीच म्हणायचे. मग ती दुसरीकडं बघायची.

दादांचं नाव तोवर लांबवर झालं होतं. इतर जिल्ह्यांतून बोलावणी यायची, पेपरात फोटो यायचे. दिल्लीतल्या एका मोठ्या पक्षाला आमच्यासारख्यांची मतं हवी होती, त्यांनी दादांच्या संघटनेशी हातमिळवणी केली आणि दादांना राज्यसभेवर पाठवायचं ठरवलं. दादा तो निरोप घेऊन आधी आमच्या ओट्यावर आले, हे मी कधी विसरणार नाही. जाऊ की नको, तुम्ही सांगा, म्हणाले.

त्या दिवशी मी तिथं होते. काही पोरं म्हणाली, नका जाऊ दादा, गिळून टाकतील. काही म्हणाली, जाच. शेवटी सगळे आईकडं बघायला लागले.

आई म्हणाली, "आपलं एक मानूस तितं बसू दी. बसलं तर बसलं, न्हाई जमलं तर ये माघारी. भाकर हायेच." मग बोट नाचवत म्हणाली, "पन दर म्हैन्याला हितं यायाचं. दिल्लीतनं आला म्हून तुला सोडीन आसं समजू नगं."

दादांनी वाकून तिच्या पायाला हात लावला आणि ती मागं सरकली. हे असलं आमच्यात आधी कधी झालं नव्हतं.

खासदार झाल्यावर ते पहिल्यांदा आले, तेव्हा पांढरी गाडी होती, मागं पोलिसांची जीप होती आणि आमच्या पोरांनी शाळेतून हेडमास्तरांची लाकडी खुर्ची उचलून आणून ओट्यावर मांडली होती. दादा म्हणाले, खुर्ची कशाला. पोरं म्हणाली, बसा की. दादा पुन्हा नको म्हणाले. पोरं ऐकेनात, मग बसले. बायकांनी ओवाळलं, आमच्या गाणेपार्टीनं त्यांच्यावर रचलेलं गाणं म्हटलं. सगळं झाल्यावर दादा खुर्चीतूनच म्हणाले, "चला, आता उणीदुणी होऊ द्या. माझ्यापासून."

मग एक म्हातारा कौतुकानं म्हणाला, "सायेब, तुमचं काय उनं काडायचं आमी?"

सगळे हसले. दादाही हसले. मला ते हसणं आवडलं नाही, आणि दादांना ते वाक्य आवडलं, हे मला स्पष्ट दिसलं. पण त्यांना तरी काय नावं ठेवू? सगळं तरुणपण पोलिसांच्या काठ्या आणि बायकांची बोलणी खाण्यात गेलं, त्यावर एक दिवस कोणी 'साहेब' म्हटलं तर कोणाला नाही आवडणार? माझा राग होता तो आमच्याच माणसांवर. आईवरसुद्धा. घरी आल्यावर मी तिला विचारलं, तू का गप्प बसलीस? ती चुलीत फुंकत म्हणाली, "नव्याची हौस आसती. फुडल्या बारीला काडू."

पुढच्या वेळी तर ती त्यांना 'तुमी' म्हणाली. मी दचकून तिच्याकडं बघितलं. तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

दादांनी दिल्लीत काही केलं नाही असं कोणी म्हणालं, तर त्याच्याशी मी आजही भांडेन. भूमिहीनांचे प्रश्न त्यांनी सभागृहात मांडले, निरनिराळ्या राज्यांतल्या आदिवासींच्या, दलितांच्या जमिनींसाठी समित्यांवर जाऊन बसले, कुठं कुठं फिरले. आमच्या वस्तीला हापसा आला, डांबरी रस्ता आला, विहारावर स्लॅब पडला. फक्त महिन्याला यायचं ते वर्षातून दोनदा झालं, आणि दोनदाचं एकदा. आले की हार, नारळ, गाणं, फोटो. गाडी वळून गेली की मागं राहिलेल्या बायका आपापसात बोलायच्या ते मी ऐकायचे. बारीक झाला नव्हं. हापसा उलट्या बाजूला लावला, सांगाया पायजे हुतं. त्या जाड्या मानसाला संगं कशाला आनतो. उणीदुणी सगळी होती. पण ती ज्याची त्याला सांगायची सोडून त्या एकमेकींना सांगत होत्या.

गायरान आमच्या नावावर करायचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत होता. दादांनी तो सोडला नव्हता. मुंबईला खेटे घातले, मंत्र्यांना भेटले, कलेक्टरांना भेटले, आणि एका भादव्यात निरोप आला की काम झालं, साहेब स्वतः वस्तीवर येऊन जाहीर करणार. मी रजा टाकून गेले. रजा मिळेना, तर हेडमास्तरांशी भांडून गेले. आमच्या आयुष्यात एवढी मोठी गोष्ट दुसरी कुठली होणार होती?

दुपारची वेळ होती. ओट्यावर सतरंजी, मधे खुर्ची, खुर्चीत दादा. खाली आम्ही सगळे. दादांच्या डाव्या बाजूला तहसीलदार हातात नकाशा घेऊन उभे होते. त्यांच्यासाठी कोणी खुर्ची आणली नव्हती, आणि दादांनी बसा म्हटलं नाही तोवर ते बसणार नव्हते. दादांच्या ते ध्यानात आलं नाही. आमच्या सगळ्यांच्या आलं. त्यांच्याच कचेरीच्या दारात आमच्या बायका उन्हात बसून राहायच्या आणि शिपायानं हटकलं की उठून पलीकडं जायच्या.

तहसीलदारांनी सांगितलं की अर्धं गायरान कसणाऱ्यांच्या नावावर होणार. उरलेल्या अर्ध्यात सरकार झाडं लावणार. आमच्यासाठी त्यांनी माळाकडचा अर्धा सुचवला होता, कारण तो वस्तीला लागून आहे. ओढ्याकडचा अर्धा झाडांना.

माळाला माती नव्हतीच. हातभर खणलं की मुरूम. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, पाऊस संपल्यावर, आणि माळ तर पाऊस थांबला की आठवड्यात वाळून जायचा. आम्ही इतकी वर्षं खात होतो ती सगळी भाकरी ओढ्याकडची होती. माळावर नुसते तूर-मटकीचे चार दाणे.

दादा आमच्याकडं वळले. त्यांनी विचारलं, हे मी सांगितलंच पाहिजे, कारण पुढं लोक म्हणायला लागले की त्यांनी विचारलंसुद्धा नाही. त्यांनी नीट विचारलं. "बोला, तुमचं काय म्हणणं? वरची बाजू की खालची? आजच ठरवायचंय, तहसीलदार तसं लिहून घेतील."

सगळे आईकडं बघायला लागले. आईनं एकदा तहसीलदारांकडं बघितलं, एकदा दादांकडं, आणि मग ती मान खाली घालून म्हणाली, "सायेब म्हनतील ती."

दादा खुर्चीतून पुढं वाकले. त्यांचा आवाज एकदम जुन्या दिवसांतला झाला. "मावशी, तुझे गुडघे दुखतात. ओढ्यापर्यंत रोज चढउतार करण्यापेक्षा घराजवळची बरी पडेल ना तुला?"

आई म्हणाली, "व्हय. बरी पडंल."

मी "पण दादा" एवढं म्हणून उठायला लागले, तर आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. खालच्या आवाजात म्हणाली, "खाली बस. सायेबांस्नी असं मधी बोलत्यात व्हय?" शेजारच्या काकूनं माझा पदर धरून ओढला. तोवर दादांनी तहसीलदारांना मान हलवून हो म्हटलं होतं, आणि कोणीतरी हलगी वाजवायला सुरुवात केली होती. त्या हलगीत माझं कोण ऐकणार?

हार घालून झाले. मी गर्दीतून वाट काढत गाडीपर्यंत गेले. दादांना संध्याकाळचं विमान पुण्याहून पकडायचं होतं, दुसऱ्या दिवशी दिल्लीत बैठक होती. त्यांनी मला बघितलं, डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "बाई, आज मी शांत झोपेन बघ. उणीदुणी राहिली. पुढच्या वेळी सगळी एकदम काढा." मी म्हणाले, दादा, जमिनीचं बोलायचंय. ते म्हणाले, "झालं की ते." काच वर गेली. ते इतके खूश होते की मला त्यांचा राग यायलासुद्धा वेळ लागला.

त्या संध्याकाळी घरोघर भांडणं झाली. नवरे बायकांना म्हणाले, तू का नाही बोललीस. बायका नवऱ्यांना म्हणाल्या, तुमची जीभ गळून पडली होती का. मी आईला नाही नाही ते बोलले. ती एवढंच म्हणाली, "चारचौगात न्हवतं बोलाया येत. आला म्हंजी एकांतात सांगू. त्याच्या हातातलंच हाय."

पण दादा आले नाहीत. मी केडगावच्या एसटीडी बूथवरून दिल्लीला त्यांच्या बंगल्यावर फोन लावायचे. त्यांचा मदतनीस उचलायचा. साहेब अधिवेशनात आहेत, साहेब दौऱ्यावर आहेत. मी म्हणायचे, आमच्या गायरानाचं सांगायचंय. तो म्हणायचा, "ते काम झालंय ना मॅडम?" बूथच्या काचेआडून मालक मीटरकडं बघत बसायचा. एकदा मी त्या मदतनिसाला सगळं समजावून सांगितलं, वरची बाजू, खालची बाजू, माती, ओल. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे वस्तीची तक्रार आहे का साहेबांविरुद्ध? तक्रार हा शब्द ऐकून माझीच जीभ अडखळली. मी म्हणाले, तक्रार नाही हो. मग त्यानं ती कशाला पोचवावी?

वस्तीतल्या जाणत्या माणसांना मी म्हणाले, आपण अर्ज करू, मोर्चा नेऊ. त्यांनी मला वेड्यात काढलं. मोर्चा कुनावर न्यायाचा? आपल्याच मानसावर? गाव हसंल. आणि गाव हसलंच असतं. आमच्या दादांना खाली बघायला लागावं म्हणून टपलेली माणसं गावात कमी नव्हती. त्यामुळं आमच्या वस्तीनं तोंडाला कुलूप घातलं आणि कुलपाला अब्रू म्हटलं.

थंडीत ओढ्याकडच्या काळ्या रानात चर खणले. सुबाभूळ आणि करंजाची रोपं आली, तारेचं कुंपण आलं. बायकांनी त्याआधीच हस्ताच्या पावसावर माळात पेरलं होतं. ज्वारी गुडघ्याएवढी झाली, पिवळी पडली, कणसं धरलीच नाहीत. दुसऱ्या वर्षी तेच. सातबाऱ्यावर नावं लागली होती, त्याचे पेढे वाटून झाले होते. मग दिवाळीनंतर मुकादम आला आणि यावेळी रिकामा गेला नाही. मी घरी गेले तेव्हा आई दगडावर कोयता घासत बसली होती. मी काही विचारलं नाही. मी तिला म्हणाले, माझ्याकडं केडगावला राहा, माझ्या पगारात आपल्या दोघींचं भागतं. ती म्हणाली, "वस्ती निगाली आन मी लेकीच्या घरी बसू?" मी रडले, तिच्यावर ओरडले. ती कोयता घासत राहिली.

दादांची मुदत संपली. पक्षाला तोवर दुसरी कुठली मतं हवी झाली होती, त्यांना पुन्हा पाठवलं नाही. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. गाडी गेली, जीप गेली. दशक संपत आलं होतं.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत ते माझ्या शाळेत आले. केडगावच्या थांब्यावर एसटीनं उतरून चालत आले होते. दाढी पांढरी झाली होती. व्हरांड्यात मुलांच्या डब्यांचा वास आणि गलका, आणि त्यात ते उभे. म्हणाले, "काल वस्तीवर गेलो होतो. दारांना बाभळीच्या फांद्या लावलेल्या. एक म्हातारा तेवढा भेटला." म्हाताऱ्यानं त्यांना सगळं सांगितलं होतं. आता साहेब नव्हते ना ते, मग सांगायला काय हरकत होती?

"मावशी कुठाय?" त्यांनी विचारलं.

रविवारी मी त्यांना घेऊन बेलापूरला गेले. प्रवरेच्या काठाला उसाचे फड, आणि एका मोकळ्या रानात आमच्या माणसांच्या कोप्या, बांबू आणि पाचटाच्या. पोरं राखेत खेळत होती. आम्ही पोचलो तेव्हा आई डोक्यावर मोळी घेऊन फडातून बाहेर येत होती. वाकून, गुडघ्यावर एक हात ठेवून. दादा धावत गेले मोळी उतरवायला. तिनं अंग चोरलं. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सायेब, कापडं खराब व्हतील."

तिनं मोळी टाकली, हात पुसले आणि कोपीतून पोतं आणून अंथरलं. दादा त्यावर बसले. ती उभीच राहिली. मी म्हणाले, आई, बस की. तशी लांबवर टेकली.

दादा म्हणाले, "मावशी, मी आता कोणाचा साहेब नाही. उणीदुणी राहिलीय आपली. काढ. जे तोंडाला येईल ते बोल मला."

मलाही तेच हवं होतं. मला वाटत होतं, आता ही सुटेल, पहिल्यासारखी पदर खोचून उभी राहील, याच्या बापापासून सुरुवात करेल, आणि मग दोघंही जरा हलके होतील. आई जमिनीवरचं पाचट बोटानं बाजूला करत राहिली.

"तू एक शब्द बोलली असतीस, तर मी तिथल्या तिथं बदललं असतं," दादा म्हणाले. "खालची बाजू म्हणायचं फक्त. मी तहसीलदाराला तसं लिहायला लावलं असतं."

"म्हाईत हाय," आई म्हणाली.

"मग का नाही बोललीस? मला कळलं नाही गं. मला वाटलं, चुकत असेन तर तू सांगशीलच. तू नेहमी सांगायचीस."

आईनं फडाकडं तोंड वळवलं. मग सावकाश बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"त्या दिशी तुमी खुर्चीत बसला हुता, आन तसिलदार तुमच्या म्होरं हुबा हुता. आमच्या जन्मात आमी तसलं कदी बघितलं न्हवतं. मी म्हनले असते, ही न्हाई, खालची बाजू, तर त्याला वाटलं आसतं, ह्यांच्याच बाया ह्यांचं ऐकत न्हाईत, ह्ये कसलं सायेब. त्यो गालातल्या गालात हासला आसता. म्या बायकांकडं बघितलं, त्यांनी माज्याकडं बघितलं. समद्यांच्या मनात त्येच." ती थांबली. "तुमी आमच्यापायी जेलात गेला, मार खाल्ला. आमी तुमाला काय दिलं हुतं? भाकर दिली, ती बी तुमच्याच भांडनातली. त्या दिशी देन्यासारखं आमच्यापाशी येवढंच हुतं. ते दिलं."

दादांनी तोंडावर दोन्ही हात घेतले. मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं आणि बसवलं नाही. रस्त्यावर कारखान्याचा ट्रक येऊन उभा राहिला होता. आई उठली आणि मोळ्या भरायला गेली.